वरच्या मजल्यावरची बाई

मोठ्या भूकंपानंतर परदेशी माणसं जपान सोडून पळत होती, तेव्हा स्वरूपा बिडकर उलट इथे आली, नवऱ्याच्या नोकरीपायी. पोरगं शाळेत जायला लागलं आणि ग्योतोकु उपनगरातलं घर तिला खायला उठलं. मग पठ्ठीने जपानी अशी घोटली की स्टेशनजवळ घरं भाड्याने देणाऱ्या एका ऑफिसात नोकरीच लागली. फोनवर तर कुणाला शंकाही येत नसे की पलीकडे भारतीय बाई आहे.

कामाची रीत ठरलेली. घरमालकाला फोन लावायचा आणि आधीच विचारायचं, "गिऱ्हाईक परदेशी आहे, चालेल का?" मालक कुरकुरला की स्वरूपा लाडीगोडी लावायची, "व्हिएतनामी-बिएतनामी नाही हो, भारतीय आहेत, आयटीतले!" घर मिळायचं. यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नाही, खोटं कशाला सांगा.

त्या उन्हाळ्यात एकदा समोर हुएन येऊन बसली. व्हिएतनामची पोरगी, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायची. वसतिगृह महिनाअखेर बंद होणार होतं आणि घर काही मिळत नव्हतं. स्वरूपाने स्क्रीनवर पाहिलं तर रिकामी खोली चक्क तिच्याच इमारतीत, तळमजल्यावर, मालकीण हिराई-सानच्या शेजारी! हिराई-सान म्हणजे बागेतली फळं आणून देणाऱ्या, दिवाळीत स्वरूपाच्या करंज्यांचा डबा दोन्ही हातांनी घेणाऱ्या.

"अगं, हे तर घरचंच काम!" म्हणत तिने फोन लावला. ऑफिसचं नाव सांगितलं, सवयीने तो प्रश्नही विचारला. आता आपली ओळख द्यावी, तेवढ्यात हिराई-सानच सुरू झाल्या.

"परदेशी? नको हो. वरच्या मजल्यावर एक भारतीय कुटुंब आहे, तेवढं पुरे झालं. जिन्यात सारखा मसाल्याचा वास. ती बाई तळलेलं गोड काहीतरी आणून देते, हसून घ्यावं लागतं. कोण खाणार ते? कचऱ्याच्या दिवशी टाकून देते."

कंबर मोडेपर्यंत लाटलेल्या, एकेक मुरड घातलेल्या करंज्या कचऱ्यात! दरवर्षी!

स्वरूपाचा चेहरा बघून हुएन मुकाट्याने पिशवी आवरायला लागली. "दुसरं बघू," ती शांतपणे म्हणाली. त्या शांतपणाने स्वरूपा आणखीच हादरली. या पोरीला सवय झाली होती! आणि ती सवय लावणाऱ्यांत आपणही होतोच की, 'व्हिएतनामी-बिएतनामी नाही हो' म्हणत.

"हिराई-सान," ती फोनमध्ये म्हणाली, "मी वरच्या मजल्यावरची बाईच बोलतेय."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसरी असती तर रडत बसली असती. स्वरूपाने हुएनला उठवलं, तडक घरी नेलं आणि हिराई-सानची बेल दाबली. दार जरासं किलकिलं झालं.

"खोली हिला हवी आहे. नाही म्हणायचं तर हिच्या तोंडाकडे बघून म्हणा."

हिराई-सान आपल्या चपलांकडेच बघत राहिल्या. "दुरुस्ती चालू आहे," असं पुटपुटल्या आणि दार लागलं. डोंबलाची दुरुस्ती! खिडकीतून खोली लख्ख दिसत होती.

संध्याकाळी नवरा, रणजित, घाबराघुबरा झाला. "अगं, उद्या आपल्यालाच घर सोडायला सांगितलं तर?"

"सांगू देत," स्वरूपा म्हणाली. आतून तीही टरकली होती.

पण फोनची रीत तिने बदलली. "मी स्वरूपा, भारतातली. माझं गिऱ्हाईक व्हिएतनामचं आहे. मुलगी गुणाची आहे, भेटून तर बघा." धडाधड फोन आपटले गेले. साहेबही धुसफुसला. ती हटली नाही, आणि महिना सरता सरता एका चष्मेवाल्या घरमालकाने हुएनच्या हातात किल्ली ठेवली.

दिवाळी आली. करंज्या करायला यंदा स्वरूपाचा हातच उचलेना. तरी केल्या. डबा घेऊन हुएनच्या दारात गेली. हुएनने तो दोन्ही हातांनी घेतला, वाकून हसली. अगदी हिराई-सानसारखीच.

हुएनने तिथेच झाकण उघडलं आणि अख्खी करंजी तोंडात कोंबली. सारण हनुवटीवर सांडलं. स्वरूपा बघत राहिली, ती गिळेपर्यंत.