चार चौकोनांचा स्वेटर

विणायला बसलेल्या माणसांच्या मांडीवर लोकरीपेक्षा किस्सेच जास्त साठतात. मदन महल मोहल्ल्यातल्या आमच्या बुधवारच्या मंडळीत मी एकटा पुरुष. माझा स्वेटर वीतभर झाला तेव्हाच किस्से पोतंभर झाले होते, आणि बहुतेक सगळे माझ्या संतापाचे!

ही मंडळी खरं तर माझ्या बायकोची, शैलाची. झेंडूची फुलं उकळून, त्यात तुरटी घालून ती लोकर घरीच रंगवायची. गेल्या पावसाळ्यात ती गेली. तिनं शेवटची रंगवलेली लोकर कपाटात तशीच राहिली. तिचा स्वेटर मी स्वतःच्या हातानं विणायचा, एवढंच ठरवलं. विणकाम येत नव्हतं, म्हणून नवशिक्याचा सोपा प्रकार घेतला: पुढचा चौकोन, मागचा चौकोन, दोन बाह्या. चार तुकडे जोडायचे, झालं!

*

पहिल्याच दिवशी मंडळीतल्या मंदाकाकू माझ्या हातातल्या सुया ओढायला लागल्या.

"भाऊजी, तुम्ही काहून करून राहिले हे? द्या इकडं, संक्रांतीच्या आत करून देते!"

"मलाच करायचा आहे."

"अच्छा, मग मफलर करा. मफलरला अक्कल लागत नाही."

घरात दुःख झालेल्या माणसाशी लोक म्हणे जपून बोलतात. आमच्याकडे नाही!

*

बारीक सुया हव्या होत्या म्हणून लोकरीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं माझी लड उजेडात धरली.

"भाईसाहब, किसने ठग लिया आपको? एक लच्छे में तीन-तीन पीले! डिफेक्टिव माल है।"

मी लड हिसकावून घेतली आणि सुया न घेताच परत आलो. फुलांचा रंग असाच चढतो, कुठं गडद कुठं फिका, हे त्याला सांगायचं सुचलं ते घरी पोचल्यावर!

*

आम्ही बसतो सरोजताईंच्या व्हरांड्यात. तिथं एकदा मंदाकाकूंनी चौकशी सुरू केली.

"रंगाला फुलं कुठली होती?"

"ग्वारीघाटची."

"अगं बाई! देवाला वाहिलेली? निर्माल्य अंगावर घालणार तुम्ही?"

"वाहिलेली नाहीत. संध्याकाळी फूलवाल्यांकडे उरायची, ती शैला विकत आणायची."

"म्हणजे देवाला मिळायच्या आधीच उचलली? हे तर अजून वाईट!"

रागाच्या भरात मी सुलट ओळ उलट विणून टाकली.

*

आमच्यात एक रीत आहे. कुणाचं विणकाम नुसतं पडलेलं दिसलं, की शेजारची बाई उचलून त्यात चार ओळी घालते. प्रेमानं! मी लेकीचा फोन घ्यायला बाहेर गेलो. ती म्हणाली, "बाबा, ऑनलाइन मागवून घ्या ना! एवढं काहून करून राहिले?" तिच्यावर चिडून आत येतो तर काय, शेजारी बसणाऱ्या ठाकूर भाभींनी माझ्या स्वेटरची मागची बाजू दोन बोटं वाढवून ठेवलेली! सुरेख, एकसारखी. माझ्या वेड्यावाकड्या टाक्यांवर अगदी उठून दिसत होती.

मी तिथंच बसून ती सगळी उसवली.

"हाय राम! इतनी बढ़िया बुनाई उधेड़ दी?"

"भाभी, बढ़िया थी, इसीलिए।"

पुढच्या बुधवारी त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या.

*

आणि मग स्वेटर पुरा झाला. सगळ्यांनी आग्रह केला म्हणून तिथंच अंगात चढवला. डोकं कसंबसं बाहेर आलं, खांदे अडकले, बाह्या कोपराच्या जरा खाली येऊन थांबल्या. ठाकूर भाभींचा अबोला तिथंच संपला. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भाईसाहब, ये किसका नाप ले लिया?"

"घरातला नीट बसणारा स्वेटर पसरून माप घ्यायचं, असं सरोजताईंनीच शिकवलं होतं. तसंच घेतलं. कपाटात होता त्याचं."

"कोणाच्या कपाटात?" मंदाकाकूंनी विचारलं.

मी स्वेटर काढला, त्याची घडी घातली.

"माप बरोबर आहे," मी जरा चढ्या आवाजात म्हणालो.

सरोजताईंनी चष्मा लावला. घडी मोडली, स्वेटर मांडीवर पसरला, टेपनं बाही मोजली, आणि माझ्यावरच उखडल्या.

"कशाचं बरोबर? तिला बाही अजून बोटभर आखूड लागायची!"