जबाब सांगणाऱ्या मॅडम

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. गुन्हा उघडकीस आला, आरोपीला शिक्षा झाली, वरिष्ठांनी पाठ थोपटली. आणि त्याच कामात मी एका भल्या शिक्षिकेच्या जिवाची दैना केली.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. कापसाच्या हंगामात एका सकाळी हजेरी चालू असताना जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काम करणारी एक म्हातारी थेट माझ्या टेबलापाशी आली.

"साहेब, आमच्या जिनिंगमंधली मुकी आठ दिवस झाले कामावर नाई येऊन राह्यली. मुकादमानं तिच्यासंग वाईट काम केलं. तिले बोलता नाई येत, म्हणून त्याची हिंमत झाली."

त्या मुक्या बाईला ठाण्यात आणलं. ती तिशीची. ऐकू येत नव्हतं, पण मूकबधिर शाळेत शिकलेली, खुणांची भाषा पक्की. दुभाषी म्हणून त्या शाळेतल्या एका तरुण मॅडमना बोलावलं. त्यांनी आधीच बजावलं, "ती सांगेल ते मी 'मी' म्हणूनच सांगेन. तिचं बोलणं तिच्याच तोंडचं राहिलं पाहिजे." मला ते पटलं. जबाबाला तसंच लागतं.

एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारायचा, ही आम्हा पोलिसांची जुनी खोड. खोटं असेल तर जबाब फिरतो म्हणतात. समोर आरोपी आहे की तक्रारदार, याचंही भान मग राहत नाही. मी चार वेळा सगळं पहिल्यापासून विचारलं. ती बाई हातांनी सांगायची आणि मॅडम म्हणायच्या, "त्यानं माझं तोंड दाबलं. त्यानं मला कापसाच्या गंजीवर ढकललं." तिसऱ्या खेपेला त्यांचा आवाज फाटला. मी लेखनिकाला म्हणालो, "मॅडमना जरा मोठ्यानं बोलायला सांगा."

तेव्हा त्या मुक्या बाईनं स्वतःपुढचा पाण्याचा ग्लास मॅडमपुढे सरकवला आणि त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. जिच्यावर अत्याचार झाला, तिला जे दिसलं ते मला दिसलं नाही. मी ओरडलो, "हात सोडा! जबाब चालू आहे." महिला शिपायानं त्यांचे हात सोडवले. हे लिहिताना लाज वाटते.

चौथ्या वेळी नवी गोष्ट निघाली. मॅडमनी स्वतःच्या दंडाशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, "मी त्याला इथे चावले." तासाभरात मुकादम ठाण्यात होता. आधी उडवाउडवी केली, "साहेब, मुकी काई पन दाखवते, तुमी काऊन मनावर घेता?" बाही वर करायला लावली, तर दंडावर दातांचे वण. डॉक्टरांचा दाखला आला आणि गडी बोलू लागला. गुन्हा उघडल्याच्या आनंदात, मॅडम एकट्याच बस स्टँडकडे गेल्या हे माझ्या लक्षातही आलं नाही.

दोन वर्षांनी तशीच दुसरी तक्रार आली. मी जीप घेऊन मॅडमच्या घरी गेलो. त्या दारातच थांबल्या.

"मी नाई येत, साहेब. शाळाही सोडली मी. वर्गात पोरींनी हात उचलले की मले तेच दिसे. 'मी, मी' म्हणून सांगितलं ना, ते अंगातून निघतच नाई."

"मॅडम, तुमच्यावर तर काही..."

"तेच सगळे म्हणतात. त्या दिवशी मले कोणी इतकंच विचाराले पाह्यजे होतं, की बाई, तू बरी आहेस का?"

त्या दुसऱ्या तक्रारीत दुभाषी नव्हता, म्हणून तक्रारदार मुलीच्या भावाला हातवारे करून विचारायला लावलं आणि त्यावरच जबाब घेतला. कोर्टात तो टिकला नाही. आरोपी सुटला.

आता नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायचा प्रसंग आला की मी सांगतो, जबाब एकदाच नीट घ्या, मध्ये थांबा, दुभाष्याला घरी पोचवा, दुसऱ्या दिवशी विचारपूस करा. दुसऱ्याचं दुःख तोंडानं सांगणाऱ्याच्याही जिवाला ते लागतं. पोरं माना डोलावतात. एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगत नाही. मी जीप घेऊन गेलो त्या दिवशी मॅडम दारात माझ्यासमोर उभ्या होत्या, काय विचारायला हवं तेही त्यांनीच सांगितलं होतं. तरी मी विचारलं नाही. "बरं, येतो," म्हणालो आणि जीपमध्ये जाऊन बसलो.