शिवी येईपर्यंत आवळ

माझी पोस्टिंग उत्तर सीमेवरच्या एका चौकीवर होती. मी प्लाटून कमांडर, मुलुंडचा. नाईक सावंत माझा सेक्शन कमांडर, कांदिवलीत वाढलेला मालवणी. फावल्या वेळात तो जवानांच्या जोड्या लावायचा आणि एकमेकांच्या मांडीवर टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवणारा पट्टा, बांधायला लावायचा. नियम एकच.

"शिवी येईपर्यंत आवळ. शिवी नाय इली, तर रगात थांबाक नाय."

कॅप्टन देसाई हा नवा डॉक्टर, अंधेरीचा. मी म्हणालो, "तूही ये ना रे."

"यार, मी कॉलेजात डमीवर टॉप केलंय."

"डमी शिव्या देते?"

"नाही. म्हणूनच बरी."

एका सकाळी गस्तीवर सावंतचा पाय सुरुंगावर पडला. गुडघ्याखाली काही उरलं नाही. जोडीदाराने पट्टा आवळला. सावंतने शिवी दिली. आम्ही त्याला चौकीवर आणून देसाईच्या हवाली केलं. मी रेडिओ सेटकडे धावलो.

"वन कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"ढग आहेत. वेट. आउट."

परत आलो तेव्हा ओरडणं थांबलं होतं. स्ट्रेचरखाली रक्ताचं थारोळं होतं.

देसाई म्हणाला, "'सैल करा सायबानू, मरतंय' म्हणत होता रे. वाटलं, चुकीचं बांधलंय. थोडासाच सैल केला."

मी पट्टा पुन्हा आवळला. सावंतने शिवी दिली नाही.

ढग हटल्यावर हेलिकॉप्टर आलं. मृतदेह घेऊन गेलं.

देसाई दुष्ट नव्हता. कॉलेजात त्याला आधी पुस्तकं दिली, मग मेलेली शरीरं, मग प्लॅस्टिकची. जिवंत, ओरडणारा माणूस आला तेव्हा त्याला मागे उभं राहून बघायला सांगितलं. हा अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या हाताला रक्त लागलं नाही. ते सावंतच्या स्ट्रेचरखाली साचलं.

आता मी फौजेत नाही. घाटकोपरच्या एका मेडिकल कॉलेजात प्रथमोपचार शिकवतो. पहिल्याच दिवशी प्राध्यापकांनी अडवलं. "पहिल्या वर्षाला हे कशाला? आधी अ‍ॅनाटॉमी होऊ द्या."

"तोवर जखमींना थांबायला सांगू का, सर?"

मी जोड्या लावल्या. एका मुलीने मैत्रिणीच्या मांडीवर पट्टा चढवून तो आवळायची दांडी पिळली.

"सोड ना गं! वाट लागली पायाची!"

पिळणारीने माझ्याकडे पाहिलं. "सोडू का, सर?"

"घोट्याची नाडी बघ."

"अजून लागतेय."

"मग?"

तिने ओठ चावून आणखी एक पीळ दिला. मैत्रिणीने अशी शिवी हासडली की प्राध्यापक दारातच थबकले.

"नाडी बंद, सर."

"आता सोड."

तास सुरू होण्याआधी मी फळ्यावर एकच ओळ लिहिली होती. तास संपल्यावरही ती पुसली नाही: नाईक सावंत, कांदिवली.