न मळलेल्या चादरी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण मनात ठाण मांडून बसला आहे तो फसवणुकीचा एक साधा गुन्हा. आजही कुठे लॉजमध्ये घडी न मोडलेली पांढरी चादर दिसली की तो आठवतो आणि मला तिथे झोप लागत नाही.

तीस सालच्या आसपासची गोष्ट. मी सोलापूर तालुक्यात फौजदार होतो. वळसंगच्या रस्त्याला एका सरदार घराण्याची पेशवाईतली दगडी कोठी होती. यजमान वारल्यावर बाईसाहेबांनी तिचे हॉटेल केले. शिकारीला आलेले साहेबलोक, कापसाचे व्यापारी तिथे उतरत. पुढे स्टेशनाजवळ लॉज निघाले. मग इतक्या लांब कोण जाणार? खोल्या ओस पडल्या. बाईसाहेबांना मूलबाळ नव्हते, नजरही जवळजवळ गेली होती. शेवटी कोठी विकायला निघाली.

गिऱ्हाइके दोनच होती. एक दगडाचा ठेकेदार. त्याला कोठी पाडून दगड न्यायचा होता. दुसरा शहरातला एक शेट. हॉटेल चालते असेल तर तो ते तसेच चालवणार होता आणि बाईसाहेबांना त्यांच्या कोपऱ्यातल्या खोलीत मरेपर्यंत राहू देणार होता. शेट दोन दिवस मुक्कामाला आला. हॉटेल पाहुण्यांनी भरलेले पाहून खूश झाला आणि त्याने खरेदीखत केले. त्यानंतर दीड महिना तिकडे कुत्रेही फिरकले नाही. शेट तणतणत ठाण्यात आला आणि मी फिर्याद लिहून घेतली.

त्या काळी हॉटेलवाल्यांना मुसाफिरांचे रजिस्टर ठेवावे लागे आणि आम्ही ते तपासून सही करत असू. ते मागवले. त्या आठवड्यात शेटखेरीज बारा नावे होती, आणि खाली माझीच सही. बाराही नावे एकाच हातची होती. सही करताना हे मला दिसले नाही, कारण मी पाहिलेच नव्हते. स्वतःचाच राग आला. लिहिलेल्या गावांना तारा केल्या. त्या नावांची माणसे कुठेच नव्हती.

खबर आणली ती कोठीच्या परटाने. तो म्हणाला, "सायेब, बारा पावणे आट दिस ऱ्हायले म्हंत्यात, आन माज्याकडं धुयाला चादरी आल्या दोनच. येक बाईसायबांची, येक त्या शेटची."

मी स्वयंपाकिणीला विचारले. ती म्हणाली, पाहुणे मोठे गुणाचे, जेवले की आपले ताट आपणच विहिरीवर नेऊन घासायचे. मला उलगडा झाला. पैसे मोजून राहणारा माणूस हॉटेलात ताट घासत नाही. कोठीमागे धनगरांची वस्ती होती. तिथे गेलो.

वस्तीवरच्या म्हाताऱ्याने काही लपवले नाही. "व्हय, आमीच की. कारबारी म्हनले, बाईसायबांच्या घरात मानूस न्हाय, आट दिस घर भरल्यालं दिसू द्या. कोट दिले, फेटे दिले, लई बोलू नका म्हनले. पलंगावर न्हाय निजलो, सायेब. चादर मळंल म्हनून खालीच घोंगडं टाकलं." कोठी विकली जाते आहे, हे त्यांच्या गावीही नव्हते.

कारभारी म्हणजे चाळीस वर्षे त्या घरात राबलेला माणूस. दोन दिवस त्याला ठाण्यात बसवून विचारले. दरडावले, समजावले. तो गप्प. तिसऱ्या दिवशी मी वस्तीवर जाऊन आल्याचे सांगितले, तेव्हा तो रडायला लागला.

"मीच केलं, साहेब. ठेकेदाराला कोठी गेली असती तर बाईसाहेब कुठं गेल्या असत्या? त्यांना यातलं काही माहीत नाही. तुम्ही सांगू नका, एवढंच."

मग त्याने आणखी एक सांगितले. त्या आठ दिवसांत घर पुन्हा नांदते झालेले ऐकून बाईसाहेब विकायलाच तयार नव्हत्या. आता हॉटेल चाललंय, मग विकायचं कशाला, म्हणत होत्या. त्यांची सही मिळवायला त्याला पाया पडावे लागले होते.

न सांगून कसे चालणार? खतावर सही त्यांची होती. त्यांचा जबाब घेणे भाग होते. मी कोठीवर गेलो. बाईसाहेब आपल्या कोपऱ्यातल्या खोलीत दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी सगळे सांगितले.

त्यांनी विचारले, "पोटभर जेवले ना ते?"

मी होय म्हणालो.

"मग खोटे पाहुणे कसे म्हणता, फौजदारसाहेब? माझ्या घरी बारा माणसं आठ दिवस जेवून गेली. मी इथं बसून त्यांची पावलं ऐकत होते. माझ्या माणसाला सोडा."

सोडणे माझ्या हातात नव्हते. जबाबात मी एवढेच लिहिले: 'सदर प्रकाराची मला माहिती नव्हती.' बाकीचे बोलणे गुन्ह्याशी संबंधित नाही म्हणून गाळले. त्यांनी चाचपडत सही केली.

कारभाऱ्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. व्यवहार मोडला, कोठी ठेकेदाराने घेतली. बाईसाहेबांना एका पुतण्याकडे नेले. तिथे त्या चार महिन्यांत गेल्या. सुटून आल्यावर कारभारी मला ठाण्याच्या पायरीवर भेटला. माझ्यावर त्याचा राग नव्हता. त्याने फक्त विचारले, "माझ्याबद्दल काही बोलल्या होत्या का, साहेब?"

मी सांगितले. तो तिथेच खाली बसला.

तपासात मी चूक केली नाही. गुन्हा घडला होता आणि गुन्हेगारही तोच होता. पण जबाब म्हणजे माणसाचे बोलणे, आपल्याला हवा तेवढा तुकडा नव्हे, हे मला तेव्हा शिकायला मिळाले. पुढे कुणाचा जबाब घेताना मी एक शब्दही गाळला नाही. ती चार वाक्ये कोर्टापुढे गेली असती तर शिक्षा कमी झाली असती की नाही, मला माहीत नाही. त्याच्यासाठी बाईसाहेबांनी टाकलेला शब्द त्याला निदान वेळेवर कळला असता.