दोन्हीकडून छापा

टांकसाळीत तिला सगळे खुर्दा म्हणत, कारण ती हसली की कुणाच्या तरी खिशातली चिल्लर फरशीवर सांडल्यासारखी वाटे. काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. भट्टीत तीन भाग तांबं नि एक भाग निकेल वितळवायचं, त्याचे पत्रे लाटायचे, पत्र्यातून गोल चकत्या कापायच्या, त्या धुऊन-पुसून प्रेसमध्ये घालायच्या. तिथं वरून एक नि खालून एक असे दोन ठसे त्यांच्यावर दाबले जात. एवढं होऊनही खुर्दानं मान डोलावल्याशिवाय त्या चकतीला नाणं म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

प्रेसमध्ये ठसे बसवणारा गडी मूग गिळून बसण्यात पटाईत. ठसे बदलले की पहिलं नाणं तो स्वतः तिच्या टेबलावर आणी, "बघून घ्या" म्हणे आणि लाल कानांनी उभा राही. वर्षानुवर्षं एवढंच. खुर्दाचा त्याच्यावर जीव होता. पण तिनं तरी किती वाट बघायची?

त्यात आत्यानं स्थळ आणलं. मुलगा चांगला, घर चांगलं, नाव ठेवायला जागा नाही, आणि उत्तर आज संध्याकाळीच हवं. जेवणाच्या सुट्टीत तिनं हे मैत्रिणीला सांगितलं, मुद्दाम जरा मोठ्यानं. पलीकडच्या बाकावर ठसेवाल्याचा घास हातातच राहिला.

सुट्टी संपल्यावर तो नवं नाणं घेऊन आला. "बघून घ्या."

तिनं ते दगडावर वाजवलं. आवाज खणखणीत. कड नीट. एका बाजूला छापा. उलटवलं, तर तिकडेही छापा! काट्याचा पत्ताच नाही. ज्याचा ठसा कधी केसभर सरकला नव्हता, त्यानं आज वर-खाली दोन्ही ठसे छाप्याचेच बसवले होते. खुर्दाच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तरी तोंड गंभीर करून ती म्हणाली, "आत्याला काय सांगावं सुचत नाही. नाणंच उडवते. काटा आला तर त्या स्थळाला हो, छापा आला तर नाही."

"अहो, असं कुठं असतं का!" तो पांढराफटक पडला. पण नाणं हवेत गेलंसुद्धा.

छापा.

त्यानं असा सुस्कारा सोडला की शेजारच्या टेबलावरच्या बाईनं वळून बघितलं.

"खात्रीसाठी पुन्हा उडवू?"

"नको, नको! आला ना एकदा!"

तिनं उडवलंच. छापा. मग आणखी एकदा. छापा.

"नशीबच म्हणायचं," तो कपाळ पुसत म्हणाला.

"नशीब कसलं? तुमचीच करामत आहे." तिनं नाणं उलटवून दाखवलं.

त्याचे कान नुसते पेटले. "माझं... लक्ष नव्हतं."

"मग कुठं होतं?"

"तुझ्याकडे," तो म्हणाला. तुझ्याकडे! तुमच्याकडे नव्हे! गिळलेले सगळे मूग एका शब्दात बाहेर पडले. खुर्दा अशी हसली, की काय सांडलं ते बघायला लोक टेबलांखाली वाकले.

आत्याला नकार गेला. नाणं मात्र नियमाप्रमाणे भंगारात गेलं. वितळून आज कुणाच्या खिशात असेल कोण जाणे. दोघांचा संसार झाला. अजूनही भांडी कुणी घासायची यावरून वाजलं की खुर्दा नाणं काढते, आणि नवरा आधी हात पुढं करतो.

"बघू दे. दोन्ही बाजू."