दोन केंड मासे आणि माझा समेटाचा मसुदा

अर्जदार: मी, भीमराव, शिक्षण चौथी (पाचवीत दोन वर्षे काढली, ती धरावयाची की नाही हे ज्याने त्याने ठरवावे), धंदा कचेरीच्या पायरीशी बसून लोकांचे अर्ज लिहिणे, राहणार चिकपेट, बेंगळूर. साल: एकसष्ट किंवा बासष्ट. वार: रविवार, कचेरी बंद असल्याने मी घरी होतो, आणि नुकसानीचे मूळ कारण तेच. साक्षीदार: पत्नी तुळसा व खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई गुंडम्मा. प्रतिवादी: दोन केंड मासे, राहणार काचेची टाकी, आमची बैठकीची खोली.

केंड हा समुद्रातला मासा. राग आला की पाणी गिळून नारळाएवढा फुगतो. त्याचे दात पोपटाच्या चोचीसारखे असून मरेपर्यंत वाढतात. हे मासे माझ्या पत्नीच्या थोरल्या भावाचे, म्हणजे नारायणअण्णांचे. अण्णा कॉलेजात शास्त्र शिकवीत आणि एका ओळखीच्या बस-ड्रायव्हरकरवी मंगळूरहून बरण्या भरभरून समुद्र मागवीत. आठ दिवस परगावी जाताना, दुसरे कोणी ठेवून घेईना म्हणून, ते टाकी आमच्याकडे ठेवून गेले.

यात विशेष हे की, अण्णा तीन वर्षांनी आमचा जिना चढले होते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका घरगुती बाबीवर दोन ओळींची चिठ्ठी पाठवली होती. मी तिला उत्तर म्हणून 'कायदेशीर नोटीस' असे शीर्षक देऊन चार पाने पाठवली. (सवय होती. मी धोब्यालाही तसेच लिहितो.) तेव्हापासून तुळसाचे माहेर बंद. पुढल्या महिन्यात अण्णांच्या मुलाची मुंज होती.

"मासे धड राहिले तर अण्णा मला मुंजीला बोलावील," तुळसा म्हणाली. "तुम्ही टाकीला हात लावायचा नाही. लांबून बघायचं."

टाकीच्या मधोमध काचेची एक उभी पाटी होती. अलीकडे मोठा मासा, पलीकडे धाकटा. अण्णांनी चिठ्ठी चिकटवली होती: 'मधली काच काढू नये.' मी चष्मा लावून ती तपासली. कारण दिलेले नाही, तारीख नाही, खाली सही नाही. असला कागद आमच्या धंद्यात कोणी पुडी बांधायलासुद्धा घेत नाही.

त्यातून ते दोघे दिवसभर काचेला तोंड लावून एकमेकांकडे टक लावून पाहत. माझ्या डोळ्यांत पाणी आले. जमिनीवरून भांडणाऱ्या कितीतरी भावांचे समेट मी लिहून दिलेले आहेत. माझ्याच बैठकीत दोन जिवांमध्ये भिंत असावी, हे मला सहन होईना. रविवारी सकाळी मी समेटाचा मसुदा केला (पाच कलमे), टाकीपुढे उभा राहून मोठ्याने वाचला आणि काच उपसून काढली.

"अहो, काय करताय?" तुळसा स्वयंपाकघरातून धावत आली.

"बघ. कसे जवळ येताहेत."

"जवळ येताहेत ते चावायला येताहेत."

तिचे म्हणणे दोन श्वासांत शाबीत झाले. मोठ्या माशाने धाकट्याच्या शेपटीचा कोपरा कात्रीने कापावा तसा कापला. धाकटा फुगला. त्याला फुगलेला पाहून मोठाही फुगला. टाकीत आता मासे नव्हते, काटेरी चेंडू होते, आणि दोन्ही एकमेकांना अडकून बसले होते. मध्यस्थी म्हणून मी हात घातला. मोठ्याने माझ्या अंगठ्याचे नख धरले. मी हात ओढला. हाताबरोबर टाकी कलली, आणि मंगळूरचा निम्मा समुद्र आमच्या फळ्यांच्या जमिनीवर पसरला. मासे मात्र आतच राहिले, एवढी देवाची कृपा.

पाच मिनिटांत गुंडम्मा वर आल्या. हातात पितळी लोटा.

"भीमण्णा, माझ्या कॉफीत छतातून पाणी पडलं. खारट आहे. हे काय आहे, ते सरळ सांगा."

"समुद्र आहे," मी खरे ते सांगितले.

"चिकपेटेत?"

तुळसा रडकुंडीला आली होती. "अक्का, टाकीत अर्धंच पाणी उरलंय. मासे मेले तर माझं माहेर गेलं. आता समुद्र कुठून आणू?"

गुंडम्मांनी लोटा खाली ठेवला. "रडू नको. मीठ आण. खडे मीठ."

घागरीत पाणी घेतले, मीठ ढवळले. खारटपणा जुळवायचा कसा? गुंडम्मांनी टाकीतले पाणी चमच्याने चाखले, मग घागरीतले. "अजून स्वल्प मीठ." तुळसाने दोन्ही चाखले. "थोडं कमीच आहे." मीही चाखले आणि म्हणालो, "किंचित चिंच हवी." दोघींनी माझ्याकडे असे पाहिले की मी बाजूला झालो. अकरा चमचे चाखल्यावर गुंडम्मा म्हणाल्या, "आता सरी आहे. जुळलं." पाणी ओतले. हळूहळू दोन्ही चेंडू ओसरले, तसे तुळसाने अलगद काच मध्ये सरकवली.

अण्णा दुसऱ्याच दिवशी आले. टाकीशी वाकून त्यांनी शेपटी पाहिली.

"भावोजी, काच काढली होती ना?"

मी सगळे कलमवार सांगितले. पाणी चाखल्याचे ऐकून अण्णा गंभीर झाले. "तुम्हाला माहीत आहे, हा मासा विषारी असतो?"

मी खाली बसलो. अंगठा चावलेला, पोटात दोन चमचे. ताबडतोब कागद ओढून मृत्युपत्र लिहायला घेतले. पहिल्या कलमात लिहिले: 'नारायणअण्णांस पाठवलेली नोटीस मी बिनशर्त मागे घेतो. ती मूर्खपणाची होती.' मग सहीला साक्षीदार म्हणून कागद अण्णांपुढे धरला.

अण्णांनी वाचले. पुन्हा वाचले. "भावोजी, विष मासा खाल्ल्यावर चढतं. पाणी चाखून, नख चावून काही होत नाही."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही ही ओळ तीन वर्षांत का नाही लिहिलीत?"

"तसा अर्ज कोणी दिला नव्हता."

अण्णा इतके हसले की खालून गुंडम्मांनी ओरडून विचारले, आता काय सांडलं? मृत्युपत्र त्यांनी घडी करून खिशात घातले. "शेपटी महिन्यात भरून येईल," ते तुळसाला म्हणाले. "तू मुंजीच्या आधी चार दिवस ये. लाडू तुझ्या हातचे पाहिजेत."

मुंजीची पत्रिका आली. वर ठळक अक्षरांत 'सौ. तुळसा', आणि खाली बारीक अक्षरांत 'व इतर'.

आमच्या घरात इतर असा मी एकटाच आहे. 'व इतर' या सदरातल्या माणसाने पहिल्या पंगतीला बसावे की दुसऱ्या, याचा उल्लेख पत्रिकेत कोठेही नव्हता. म्हणून अर्जदार खबरदारी घेऊन दोन्ही पंगतींना जेवला. ते नियमास धरून होते किंवा कसे, याचा वाचकांनी कृपया लेखी खुलासा करावा, ही नम्र विनंती. खुलासा विरुद्ध आल्यास लाडू परत करता येणार नाहीत.