वच्छलाबाईंनी म्हातारा केलेला कागद

चिंचटोल्याच्या शाळेत वच्छलाबाई हस्तकला शिकवत. बाई एकट्या, तोंडानं फटकळ. तरी मुलं त्यांचा पदर सोडत नसत. त्या वर्षी प्रदर्शनासाठी त्यांनी मुलांकडून जुन्या राजाची फर्मानं करून घेतली. बल्लारपूरचा नवाकोरा कागद हिरड्याच्या पाण्यात बुडवायचा, सावलीत वाळवायचा, कडा निखाऱ्यावर जराशा करपवायच्या. सारं गाव तोंडात बोट घालून बघत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मालगुजाराचे, म्हणजे गावच्या जमीनदाराचे, दिवाणजी नानाजी शाळेत आले. "बाई, असा एक कोरा कागद द्या. पोराच्या नाटकाले पाह्यजे."

त्यांच्या पोरानं कधी नाटक केलं नव्हतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण बाईंची राहायची खोली मालगुजाराच्याच आवारात होती. त्यांनी कागद दिला.

सरकारनं मालगुजारी काढून घेतली होती, पण कोणतं शेत कोणाच्या नावावर चढवायचं, याच्या चौकशा संपल्या नव्हत्या. चौकशीचे साहेब गावात आले आणि चिंचेखाली खुर्ची टाकून बसले; कागद वाचायला त्यांनी वच्छलाबाईंना बोलावून घेतलं. गावातल्या कोलूच्या शेताची पाळी आली. त्याच्या बापानं जंगल तोडून काढलेलं ते धानाचं शेत. सारं घर त्यावर जगत होतं. नानाजींनी एक पिवळा कागद पुढं केला. शेत पहिल्यापासून मालगुजाराचंच, असं त्यात लिहिलं होतं म्हणे.

"बाई, मोठ्यानं वाचा. सगळ्यांना ऐकू द्या," साहेब म्हणाले.

बाईंनी कागद हातात घेतला आणि करपलेली कड ओळखली. दोन ओळी कशाबशा वाचल्या आणि त्या थांबल्या. समोर कोलू उकिडवा बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्याला अक्षरओळख नव्हती; बाई वाचतील तेच त्याच्यासाठी खरं.

नानाजी त्यांच्या कानाशी हळूच म्हणाले, "वाचा नं बाई. मंग खोलीवरच जायचं हाये नं तुमाले?"

बाईंनी कागद साहेबांपुढं धरला. मग त्यांचा नेहमीचा फटकळ आवाज परत आला.

"साहेब, अक्षर कोनाचं हाये ते मले ठाव नाई. पण हा कागद मीच म्हातारा केला, हिरड्याच्या पान्यात बुडवून. खोटं वाटत असन तं चाटून पाहा."

साहेबांनी ओलं बोट कागदावर घासलं आणि जिभेला लावलं. त्यांचं तोंड वाकडं झालं. तो तुरटपणा तिथल्या कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.

शेत कोलूचं राहिलं. बाईंची ट्रंक त्याच दिवशी आवाराबाहेर आली. कोलूनं ती डोक्यावर घेतली. "चाला बाई, आमच्या घरी." इतक्या वर्षांत कोणी रडताना न पाहिलेल्या वच्छलाबाई चारचौघांत ढसाढसा रडल्या.

पुढच्या वर्षी मुलांनी पुन्हा जुन्या कागदाचा हट्ट धरला. बाईंनी हिरडे उकळले. पण आधी प्रत्येकाला कागदभर चित्र काढायला लावलं, आणि मगच तो पाण्यात बुडवू दिला. म्हातारा केलेला कोरा कागद त्यांनी पुन्हा कोणाच्या हातात दिला नाही.